कोथिंबिरीसाठी मोठी पिकअप

रेणापूर, मंगळवार, दिवेलागण

तोंड दाखवायची लाज वाटतेय. आज लातूरच्या शोरूममध्ये अण्णांवर ओरडलो, सगळ्यांसमोर. ते एवढंच म्हणाले, "लहानी पिकअप घेऊ पोरा, आपली कोथिंबीरच तर हाय." आणि मी, "तुम्ही जन्मभर लहानच राहा!"

कोथिंबिरीला कसलं वजन? मोठी पिकअप डाळ मिलची पोती वाहणाऱ्यांनी घ्यावी. पण नांदेडला माझ्या कॉलेजातली अंजली लहान गाडीला खेळणं म्हणाली होती. कॉलेज सोडलं, तिच्या घराच्या गेटवरून चकरा मारणं सुटलं नाही. अण्णांना यातलं काही माहीत नाही.

चिडले असते तर बरं झालं असतं. उलट सेल्समनला म्हणाले, "मोठीच द्या. पोराच्या डोक्यात मोठा धंदा असंल."

धंदा!

येताना एसटीत अण्णांनी विचारलं, "काचंवर नाव कोणाचं टाकायचं रे?" माझ्या ओठावर अंजलीच. तोवर तेच म्हणाले, "तुझंच टाकू. गावाला कळू दे, पोरगं मार्गी लागलं."

खिडकीकडं तोंड करून बसलो.

उद्या बुकिंग आहे. सकाळीच सांगतो, लहानीच घेऊ. का म्हणून विचारलं तर? त्यांचंच त्यांना म्हणेन, आपली कोथिंबीरच तर हाय.