कानात सांगायचं नाव

सिहोरा

मंगलाताई,

उद्या दारात तोंड उघडलं तर शिवीच निघन, म्हणून आजच कागदावर लिवून टाकते. धाडणार नाही.

परवा तुमच्या संघटनेची मंडळी आमच्या दारासमोर भोंगा लावून बसली. माझ्या हर्षानं मुसलमानाच्या पोराशी, साजिदशी, लगन केलं म्हणून तिच्या नावानं जे बोलले, ते मी लिवत नाही. माइकवर सगळ्यात मोठा आवाज तुमचा होता. बारशाले आत्या म्हणून 'कुर्र' करून तेच नाव तिच्या कानात तुमीच सांगतलं होतं ना?

ठाण्यातला जमादार म्हणाला, रस्ता सगळ्याईचा आहे, बोलाचा हक्क त्याईलेबी आहे. असू द्या. तुमचं तोंड बंद करा, असा अर्ज मी देत नाही. पण दार माझं आहे.

उद्या हर्षाच्या पोरीचं बारसं. तुमी पुन्हा येता म्हणे. या. पाळणा मी मागच्या खोलीत नेत नाही, ओसरीवरच बांधन. आत्या म्हणून साजिदची बहीण येऊन राहिली. तिले कुर्र करता येत नव्हतं, मी शिकवलं.

भोंगा पाहिजे तेवढा वाढवा, ताई. नाव कानातच सांगतात.

तुमची भावजय,
पुष्पा