एकशे शहाऐंशी तासांचा मासा

प्रिय दादा,

खरं सांग, तू मला न कळवता घरी येऊन गेलास ना? लगेच ‘शेपूट, वेडी आहेस का’ म्हणू नकोस. पुरावे आहेत माझ्याकडे. दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवरची नावं दोनदोनदा ताडून बघते मी, संशय घेणं हेच माझं काम आहे.

परवा बाबांच्या डोळ्यांची जुनी फाइल शोधायला मधल्या खोलीतलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर आपला गेम. शेजारच्या खोक्यावर बोटभर धूळ, आणि याच्यावर औषधालाही नाही. वायरी अशा गुंडाळलेल्या की जणू कुणी उद्या परत काढणार आहे. मला राहवेना, टीव्हीला जोडला. ‘दिवेवाला तीन’ आतच होता.

त्याचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आठवतं? खोक्यावर परक्या लिपीतली अक्षरं, पडद्यावरही तीच. मग ‘दिवेवाला’ हे नाव तूच ठेवलंस. छत्री घेतलेला एक म्हातारा बेटाबेटांवर जाऊन विझलेली दीपगृहं पेटवतो, बस्स, एवढीच गोष्ट. तीन भाग आले आणि गाडी थांबली. काल नेटवर शोध शोध शोधलं. दोन धूसर फोटो सापडले, आणि एका माणसाने विचारलेलं, ‘हा गेम कुणाला आठवतो का?’ अकरा वर्षं झाली, खाली एकही उत्तर नाही. म्हणजे सगळ्या जगात तो एक माणूस, तू आणि मी. तो काही आपल्या कपाटात शिरणार नाही.

तर, मेमरी कार्डावर मासा आहे. तुझा मासा! वाचता येत नाही म्हणून जपून ठेवलेला खेळ ओळखायला आपण चित्रं वाटून घेतली होती, तू मासा, मी घुबड, आणि एकाने दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. तुझा मासा तर सोळा वर्षांपूर्वीच पुसला गेला, एक्केचाळीस तास खेळलेला, शेवटच्या दीपगृहाशी पोचलेला. मग हा कुठून उगवला? त्याच्याखाली आकडा आहे १८६ तास.

कामाला येणाऱ्या मावशींना आडून आडून विचारलं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मी झाडू मारते बाई, खेळत नाही बसत. माझ्या घरी काय कमी राक्षस आहेत?” बाबांना विचारलं तर म्हणाले, “कुठला गेम?” आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते. काल तुला फोन केला, तू म्हणालास ऑफिसात आहे, आणि मागे टीव्ही चालू होता. कुठल्या ऑफिसात टीव्ही असतो रे?

गुरुवार. वरचं फाडत नाहीये, पुढे लिहिते. काल कपाटाच्या दाराला लॅबमधली चिठ्ठी चिकटवली, नळीच्या झाकणावर लावतो ती, उघडलं की फाटते. संध्याकाळी बघते तर फाटलेली, आणि फाटलेले तुकडे पट्टी लावल्यासारखे सरळ जुळवून परत डकवलेले. आणखी एक. टीव्हीसमोरची खुर्ची हातभर पुढे सरकलेली, फरशीवर पायांचे ओरखडे. आणि उशीच्या खोळीत आलेखाचा कागद! त्यावर बेटाचा नकाशा, चौकोनी खोल्या, बाण, ‘इथे खड्डा’, ‘इथे थांबून उडी’. अक्षर तुझं. तेच उजवीकडे कललेलं, सातच्या पोटात आडवी रेघ.

म्हणजे तुम्ही दोघं भेटता. मी नळ्या मोजत असते तेव्हा तू येतोस, बाबांशेजारी बसून खेळतोस आणि माझ्या येण्याआधी निघून जातोस. मला आनंद व्हायला हवा, नाही का? सोळा वर्षं फोनवर ‘बरे आहात ना’च्या पलीकडे न गेलेला माणूस घरी येतोय. पण माझ्यापासून का लपवता? काय बोलता तुम्ही? त्यांनी तुला काही सांगितलं का? मी असं का विचारतेय ते आत्ताच नको विचारूस.

शनिवार. आज अर्धी सुट्टी टाकली. चपला हातात घेऊन, चोरासारखी, दुपारी एक वाजता आत आले. बाबा एकटेच होते. नाक पडद्याला टेकेल इतके जवळ, एका हातात रिमोट, दुसऱ्यात भिंग, मांडीवर नोकरीतला जुना ड्रॉइंग बोर्ड. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले त्यांनी, आता दिवेवाल्याच्या बेटांचे काढत होते. आणि ते सात! तुला अक्षर वळवायला त्यांनीच शिकवलं होतं, हे मी कशी विसरले? मान न वळवता म्हणाले, “शेपूट, बाजूला हो, उजेड अडवतेस.”

गेल्या वर्षापासून खेळतायत. तू बेटांच्या वाटा लिहून ठेवलेली जुनी वही बघून, पहिल्या बेटापासून. तू एक्केचाळीस तासांत जिथे गेलास तिथे जायला त्यांना एकशे शहाऐंशी लागले. आकडा बघूनच मला कळायला हवं होतं की हा तू नव्हेस. मासा आता शेवटच्या दीपगृहाच्या दाराशी उभा आहे, तुझा होता अगदी तिथेच. मी म्हटलं, उघडा की दार. तर म्हणाले, “ते त्याचं आहे. मला फक्त इथपर्यंत आणून ठेवायचं होतं.”

दादा, तुझा मासा बाबांनी पुसला नव्हता. मी पुसला. तू क्लासला गेला होतास, मला फक्त एकदा म्हाताऱ्याला चालवून बघायचं होतं. दुसऱ्या भागात वरची ओळ म्हणजे जपून ठेवणे आणि खालची म्हणजे पुसणे, हे मला पाठ होतं. तिसऱ्यात गेम बनवणाऱ्यांनी ओळी उलट केल्या होत्या आणि वाचता कुणाला येत होतं? नऊ वर्षांची होते. त्याच सकाळी बाबा तुला ओरडले होते, ‘परीक्षेआधी हे बंद केलं नाहीस तर मीच पुसून टाकीन.’ तू आल्यावर थेट त्यांच्यावर धावून गेलास आणि ते म्हणाले, “हो, मीच.” मी पडद्यामागे उभी राहून ऐकलं आणि गप्प बसले. पुढे तू हॉस्टेलला गेलास, नोकरीला गेलास आणि अजूनही म्हणतोस, त्यांनी माझं काहीच कधी जपलं नाही. दर वेळी मी हूं म्हणते. आज बाबांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, “माहीत होतं. तू त्या दिवशी जेवली नव्हतीस.” मग का घेतलंत अंगावर? “मोठ्या माणसावर चिडणं सोपं असतं गं. वाटलं, आठवडाभर धरेल राग.”

अठरा तारखेला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. उजव्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत, डावा आधीच धूसर आहे. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. फोनवर तू मध्येच तोडशील म्हणून लिहिलं. तू ते दार उघडताना त्यांना दिसायला हवं, आणि त्याला अकरा दिवस आहेत. मी त्या रिमोटला हात लावलेला नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. स्वतः ये आणि तपासून बघ.

तुझीच,
शेपूट