चौथी पाकळी

१२ जानेवारी

प्रिय दादा,

"दुसऱ्याच्या छातीत डोकावणं, हे काय काम झालं?" हृदयाच्या सोनोग्राफीची नोकरी लागली तेव्हा तू म्हणाला होतास. आज मशीन पुसताना आठवलं. मी दवाखान्यात नेलेली आई परतली नाही, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. वहिनीची पाठ कशी आहे? इकडे सगळं ठीक. धाकटी तुझ्यासारखीच हट्टी निघाली आहे.

आमच्याकडे नवं मशीन आलंय. हृदयाची झडप पडद्यावर अख्खी दिसते, उघडते, मिटते. पेशंटच्या आधी आम्ही एकमेकींवर हात बसवतो. माझा नंबर लागला. माझी सोबतीण काम करताना अखंड बडबडते. सासूच्या तक्रारी सांगता सांगता ती मध्येच थांबली. आम्ही बोलता बोलता कधी थांबतो, ते मला ठाऊक आहे.

महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. मला चार आहेत, जन्मापासून. फार क्वचित असतं असं. मिटल्या तरी मध्ये चौकोनी फट राहते, रक्त मागे गळतं. माझं अगदी थोडं गळतं, काळजी करू नकोस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" म्हटलं, "भाऊ आहे. पण तो यायचा नाही."

घरी येऊन तुझ्या वाढदिवसाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. तू खुर्चीत गप्प बसलायस आणि मान हळूच हलतेय, एका ठेक्यात. "बघा, शेवटी हो म्हणायला शिकले हे," वहिनी म्हणते. सगळे हसतात. तेव्हा मीही हसले होते. या वेळी आवाज बंद केला. तो नाडीचा ठेका आहे, दादा. झडप फार गळायला लागली की ठोक्यागणिक डोकं असं हलतं.

बाबा पेपर वाचताना असेच डोलायचे. आपण नक्कल करायचो. मग कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, बसल्या जागी गेले.

वहिनी सांगते, आडवं पडलं की दम लागतो म्हणून हल्ली तू उशा रचून बसूनच झोपतोस. विचारलं तर म्हणतोस, "वय झालं."

एकदा ये. डाव्या कुशीवर पडून राहायचं, एवढंच. माझा हात नको असेल तर सोबतीण करेल, मी बाहेर बाकावर थांबेन. तू नाहीच म्हणशील. पण हे वाचतानाही तुझी मान हलत असेल. तिचं तरी ऐक.

बाहेर बाकावर थांबलेली,
तुझी चिमी