फितीवरची ओ

सोमवार, १ फेब्रुवारी १९५४. ठाणे.

आज नोकरीवर रुजू झाले! कल्याणहून निघताना आईनं हातावर दही ठेवलं. बाबा लोकोशेडमधली पाळी बदलून घेऊन माझी ट्रंक उचलायला स्टेशनवर आले. आमच्या घरातली पहिली बी. ए. ती हीच, हे त्यांनी फलाटावरच्या हमालालासुद्धा सांगितलं. मला संकोच वाटला, आणि आतून बरंही वाटलं.

लोकगीत संग्रहाची जागा तलावापलीकडे एका बैठ्या घरात आहे. पुढच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत, तिथं गायचं. मधल्या खोलीत यंत्रं. मागची खोली मला राहायला दिली आहे, खिडकीशी शेवग्याचं झाड आहे. चालक गुरुदत्त कारखानीस युद्धात लष्कराच्या बिनतारी खात्यात होते. बोलणं सारखं थट्टेचं, पण हात फार नेमका. माझं काम गाणी उतरवून घेण्याचं आणि यंत्रं शिकण्याचं. ज्या बायकांचं कधी कुणी ऐकलं नाही, त्यांचं गाणं आता जसंच्या तसं राहील. याहून चांगलं काम कुठलं?

गुरुवार, ४ फेब्रुवारी.

आज ‘सासूबाई’ शिकले. कल्याणच्या लष्करी छावणीच्या लिलावात मिळालेलं हे राखाडी पेटीएवढं यंत्र. आवाज एका मर्यादेबाहेर चढला की ते त्याला आपोआप दाबतं, म्हणून कारखानिसांनी हे नाव ठेवलंय. न दाबता तबकडी कापली तर मोठ्या आवाजाला सुई खाचेतून उडते. पण सगळंच दबल्यावर गाणं मिळमिळीत होतं, म्हणून मग दुसऱ्या बटणानं एकूण आवाज वर उचलायचा. त्यात मोठा होता तेवढाच राहतो आणि बारीक मात्र मोठा होतो. श्वास, बांगडी, पदराची सळसळ, जे कानाला कळलंही नव्हतं ते पुढं येऊन बसतं. कारखानीस म्हणाले की मोठ्याला दाबते ते ठीक, पण मुक्याला बोलतं करते, अशी सासू साऱ्या ठाण्यात शोधून मिळायची नाही. मी खूप हसले.

सोमवार, ८ फेब्रुवारी.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातून आवडाबाई आल्या. त्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवला गाणारी. भटजींच्या आधी मान त्यांचा. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा की पहिल्याच ओळीला यंत्रावरचा आवाज मोजणारा काटा तांबड्यात.

मग त्या थांबल्याच. नवरीशिवाय धवला गायचा नाही म्हणाल्या. समोर पाट हवा, पाटावर नाव हवं. नाव घेतलं की पोर ‘ओ’ देते, आणि शेवटी पाठवणी गाऊन तिला मार्गी लावायची, ही त्यांच्या आजीपासूनची रीत. कारखानीस म्हणाले, पाट ठेवू, नाव काय कुठलंही घ्या. आवडाबाईंनी त्यांना ऐकवलं की कुठलंबी नाव घ्यायला ही काय तुमची आगगाडी हाय, कोनी बी चढावं?

फीत फिरत होती, वाया जात होती. माझंच नाव सांगणार होते, पण सुशिक्षित मुलीचं नाव लग्नाच्या गाण्यात तबकडीवर जायचं, म्हणून लाजले. तोंडातून ‘तुळसा’ निघालं. माझी धाकटी बहीण. आवडाबाईंनी विचारलं, बाय गो, पोर खुशाल हाय ना? मी हो म्हटलं.

तुळसाला जाऊन येत्या चैत्रात तीन वर्षं होतील.

त्या तासभर गायल्या. पाठवणीच्या आधीच फीत संपली. ती पुढच्या खेपेला घेऊ, असं मी त्यांना सांगितलं. त्या कुरकुरल्या, पण गेल्या.

बुधवार, १० फेब्रुवारी.

फितीवरचं गाणं सासूबाईंतून पुढं नेऊन तबकडीसाठी तयार करायचं काम आज माझ्याकडे दिलं. दर कडव्याच्या शेवटी आवडाबाई ‘तुळसा गो’ अशी हाळी देतात. यंत्र ती दाबतं. हाळी संपते, दाब सुटतो, आणि मधली शांतता हळूहळू फुगत वर येते. तिच्यात आधी फितीची खरखर, मग आवडाबाईंचा श्वास. मग आणखी एक श्वास.

कारखानीस म्हणाले, तुमचाच असेल. गाणं चालू असताना मी यंत्रांच्या खोलीत होते, काचेमागं. त्यांनाही ते आठवलं असावं, कारण त्यांनी फीत मागं फिरवून पुन्हा लावली.

गुरुवार, ११ फेब्रुवारी.

मूळ फीत यंत्राशिवाय ऐकली. काही नाही. यंत्रातून ऐकली की आहे. दाब वाढवला तर स्पष्ट होतं. हाळीनंतर ‘ओ’ येते. कोवळी, घसा सुकलेली.

कारखानिसांनी कानावर हेडफोन लावून दोनदा ऐकलं. आज थट्टा केली नाही. ओ देणारं माणूस मायक्रोफोनपासून दोन हातांवर असावं, एवढंच बोलले. दोन हातांवर पाट होता.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी.

शेवटच्या तीन कडव्यांत ‘ओ’च्या पुढं शब्द आहेत. मी दाब पूर्ण चढवला. तुळसा विचारते,

ताई, झालं का वाचून?

हे मी कुठंही लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहिते. बी. ए.ची परीक्षा आठवड्यावर होती. तुळसाला विषमज्वर. आई नळावर, बाबा पाळीवर. मी तिच्या उशाशी पुस्तक घेऊन बसले होते. माझ्या फीसाठी तिची शाळा चौथीतच सुटली होती, म्हणून असेल, माझ्या अभ्यासाला ती देवासारखी जपायची. तिला पाणी हवं होतं. ते तिनं मागितलंसुद्धा नाही. हळूच विचारलं, ताई, झालं का वाचून? मी म्हटलं, थांब, एवढं पान होऊ दे. तिनं पुन्हा विचारलं, आणखी हळू. मग तिसऱ्यांदा. मी पान नाही, अख्खा धडा संपवला.

आईला सांगितलं, माझ्या मांडीवर झोपेतच गेली. आजही सगळी आळी म्हणते, सुमतीनं बहिणीचं शेवटपर्यंत केलं. मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.

शनिवार, १३ फेब्रुवारी.

आवडाबाई पाठवणी गायला आल्या. आधी स्वतःचं गाणं ऐकायचं म्हणाल्या. पहिल्या ‘ओ’ला त्यांनी माझं मनगट धरलं. विचारलं, ही कोन वो देतंय? मी म्हटलं, यंत्राची खरखर. त्यांनी मनगट सोडलं नाही. म्हणाल्या, माज्या तोंडानं मेलेली पोर पाटावर बसवलीस, आनि अजून खोटं बोलतंस?

पाठवणी गायला त्या तयार आहेत. पण नाव देणारणीनं आधी पोरीच्या आईसमोर खरं काय ते सांगायचं. तोवर पोर जायची नाही. ती का जाईल, म्हणाल्या, तिला बोलावनारी तूच ना?

रविवार, १४ फेब्रुवारी.

कल्याणला गेले. सांगायला म्हणूनच गेले. आईनं पदवीदानाचा फोटो चौकटीत बसवून घेतलाय. शेजारच्या कलावतीकाकूंना बोलावून दाखवत होती. माझ्या पानात पुरणपोळी वाढत म्हणाली, तुळसा असती तर नाचली असती, तुझ्याच मांडीवर गेली बिचारी, तेवढं एक समाधान आहे.

ते समाधान मी काढून घ्यायचं होतं.

पोळी खाल्ली. दुपारच्या गाडीनं परत आले.

सोमवार, १५ फेब्रुवारी.

यंत्र बंद आहे. वायर काढून ठेवली आहे. तरी —

बाहेर कल्हईवाला ओरडत गेला. ओरडणं थांबलं आणि शांतता फुगत वर आली, तशीच, हळूहळू. तिच्यात श्वास. भांडं पडलं, तेव्हाही. आता काहीही मोठं वाजून थांबलं की ती जागा तिची. दाब यंत्रात नाहीच — माझ्याच —

कारखानिसांना सांगितलं. त्यांनी घरी जाऊन विश्रांती घ्या म्हटलं. घरी!

आईला पत्र लिहायला घेतलं. ‘ती. सौ. आईस’. पुढं जमेना. फाडलं.

मंगळवार, १६ फेब्रुवारी. सकाळ.

पुढच्या खोलीतला पाट ओला आहे. मी पाणी ठेवलं होतं, तांब्याभर. तांब्या भरलेलाच — शिवलेलासुद्धा नाही. ती माझ्या हातून घेईल, नाहीतर —

पत्र पुन्हा घेतलं. ‘मी तेव्हा जागी होते.’ एवढंच. टपालात टाकायला चौकापर्यंत गेले. परत आणलं. मी बी. ए. आहे, आणि एक पाकीट पेटीत सोडता येत नाही.

दुपार.

कारखानीस जेवायला गेलेत. देवळातली घंटा वाजून थांबली. श्वास आता माझ्या खोलीत आहे. खाटेपाशी. पाणी द्यायला उठायचं आहे. आधी हे लिहून ठेवते, म्हणजे आईला निदान वहीतून तरी — मला समोर उभं राहून सांगता येणार नाही, पण वहीत —

विचारते आहे. हळू. अगदी हळू.

ताई, झालं का लिहून?

तांब्या हाताशी आहे. उठते. फक्त एवढं —

पुन्हा विचारलं. आणखी हळू —

आले गं. थांब, एवढी ओळ होऊ दे, एवढीच ओ