जालन्यात एक नास्तिक पाहिजे

२ नोव्हेंबर, रविवार
'ख्रिस्ती दृष्टिकोनातून तत्त्वज्ञान' हा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स आजपासून चालू. बारा धडे. रोज पहाटे पाचला उठायचं. पाळकसाहेब ३० तारखेला गावाला चाललेत. चर्चमधला उपदेश तुम्ही करा म्हणाले. लगेच हो म्हटलं. विचार करणारा माणूस कसा असतो, ते मंडळीला एकदा कळू दे. नवी वही, चार रंगांची पेनं आणली. घरात आता शांतता लागेल, असं साधनाला बजावलं. ती तशी शांतच होती.

३ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
अलार्म वाजला नाही. वाजला असं साधनाचं म्हणणं. फोन बदलावा लागेल.

६ नोव्हेंबर
पहिला धडा पूर्ण. (शेवटची सात पानं सोडली. सोपी दिसतात.) असाइनमेंट: एका नास्तिकाशी चर्चा करा, त्याचं समाधान करा, २८ पर्यंत अहवाल पाठवा. एवढंच? उद्या ऑफिसातच उरकतो.

७ नोव्हेंबर
बदनापूरच्या ऑफिसात माल नाही. मच्छिंद्र शिपायाला विचारलं, देव मानतो का? म्हणे, "बिलकुल! आमचा बी मानतो, तुमचा बी. दर्ग्यावर बी जातो." शेजारच्या टेबलावरचा रामप्रसाद म्हणे, नास्तिक पाहिजे तर संभाजीनगरला कॉलेजात पाहा, आपल्याकडं कोणाला परवडतंय!

९ नोव्हेंबर, रविवार
उपासनेत साधना हल्ली गीतं म्हणत नाही. घसा बसलाय म्हणते. बरेच दिवस बसलाय. शीतल, तिची धाकटी बहीण, होती तेव्हा दोघी मिळून चर्च दणाणून सोडायच्या. ज्येष्ठमध आणून दिलं. नवऱ्याचं लक्ष असावं लागतं.

१३ नोव्हेंबर
सापडला! टाकीचा बॉलकॉक आणायला गिरधारीलाल शेठच्या दुकानी गेलो. शेठ जैन, रोज मंदिरात जाणारे, म्हणून यादीतून आधीच कटाप केलेले. सहज विषय काढला, तर म्हणे जग कोणी बनवलंच नाही, ते पहिल्यापासून आहे. मी लगेच हल्ला चढवला: बनवणाऱ्याशिवाय वस्तू कशी होईल? शेठ खिळे तोलता तोलता म्हणाले, "मंग बनवणाऱ्याला कोणी बनवलं, सर?" पुढचे दोन तास शेठच बोलले. कचोरी उत्तम होती. नैतिक विजय माझा.
अहवालात नास्तिक म्हणून तुमचं नाव टाकतो म्हटलं, तर भडकले. "सूर्य बुडाल्यावर घास घेत न्हाई मी, अन् मला नास्तिक म्हणता?" बॉलकॉक राहिलाच. टाकी वाहतेय.

२० नोव्हेंबर
पहाटेचं वाचन माझ्या प्रकृतीला मानवत नाही. धडा दोन ते अकरा नंतर बघू. थेट बाराव्यावर आलो: दुःखाचा प्रश्न. उपदेशाला हाच घेणार. 'देव दुःख का देतो? तीन कारणं', तीन रंगांत लिहून काढली. साधना मेथी निवडत होती, तिला मोठ्यानं वाचून दाखवली. तिसऱ्या कारणाला मेथी तशीच टाकून आत गेली. विषय जड आहे. पचायला वेळ लागतो.

२७ नोव्हेंबर
उद्या शेवटची तारीख. जेवताना कुरकुर केली, अख्ख्या जिल्ह्यात एक नास्तिक मिळू नये म्हणजे काय! साधना भाकरी वाढत म्हणाली, "माझं नाव लिहा."
मी हसलो. ती हसली नाही.
म्हणाली, "शीतल गेली तवापासून मी प्रार्थनाच केली न्हाई. तुमच्या शेजारी डोळे मिटून बसते. तुमचं आमेन झालं की उघडते."
शीतलला तापानं जाऊन दोन वर्षं झाली. तीन दिवस अख्खी मंडळी प्रार्थना करत होती. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.
दोन वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसते आहे, आणि मी तिला ज्येष्ठमध आणून देतोय. फार लाज वाटली. तीन कारणांची वही हाताशीच होती. उघडली नाही. उठलो, ताटं मीच घासली.

२८ नोव्हेंबर
अहवाल पाठवला नाही.
पाळकसाहेबांना फोन केला, रविवारचा उपदेश दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणून. काय झालं, विचारत होते. घसा बसलाय म्हटलं.