उसातल्या बाळंतिणीची भेट

तीर्थस्वरूप अंजनामावशीस,

वृषालीचा मंचरच्या दिशेला तोंड करून नमस्कार. (दिशा चुकली असेल तर सांभाळून घे, इथं चारी बाजूंना ऊसच दिसतो.) तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला थांबला का? मी खुशाल आहे, फक्त मांडीवर वही ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय. फोन मुद्दामच केला नाही. माझा नुसता आवाज ऐकून तुला सगळं कळतं, मग तू रडतेस, मग मी रडते आणि सांगायचं राहूनच जातं.

तर मावशी, पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयात एम.एस्सी. करणाऱ्याला शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. 'बिबट्या आणि माणूस यांचं सहजीवन' हा विषय कोण घेणार, असं मॅडमनी विचारलं आणि मी हात वर केला. पुण्याच्या वर्गात डासाहून मोठं जनावर नसतं, तिथं हात वर करायला काय जातंय! त्या हातानं मला ओझरच्या अलीकडे भिमाजीनाना आणि साळुबाई या नवरा-बायकोच्या मळ्यावर आणून टाकलं. माणसं लाख मोलाची. पण ऊस ओट्याला लागून आहे, आणि वारा आला की तो असा सळसळतो की मी उठून घरात जाते. पोचल्या दिवशी साळुबाईंनी चहाच्या आधी माझ्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा अडकवला. (जनावर आधी मान धरतं म्हणून. इथल्या बायका खुरपायला जाताना हाच दागिना घालतात.) पेपरात अशा बायकांचा फोटो पाहून मी हसले होते. आता तो मी फक्त आंघोळीला काढते, आणि आंघोळ चटकन उरकते. तो घातला की खाली बघता येत नाही, त्यामुळे मी आत्तापर्यंत बादलीवर, कोंबडीवर आणि एकदा चक्क नानांवर पडले आहे.

माझं काम म्हणजे घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे. "बिबट्याबद्दल तुमची भावना काय?" असं मी साळुबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आगं, माझी भावना काय इचारतीस? त्याची काय हाय ती इचारून ये." पण त्यांचा मुलगा गोरख या विषयावर हसत नाही. गेल्या साली पलीकडच्या मळ्यातली भागूकाकू गवत कापायला गेली ती परत आली नाही. तिला बिबट्यानं नेलं होतं, गोरख आणि त्याच्या चुलत्यानं तिचं प्रेत शोधून आणलं. त्याला मी प्रश्न विचारलेच नाहीत, धीर झाला नाही.

परवा दुपारी ऊसतोडीवाल्यांनी एकदम कोयते टाकले. उसाच्या वाळल्या पाचटात बिबट्याची दोन पिल्लं, मांजराच्या पिल्लाएवढी, डोळेसुद्धा नीट न उघडलेली. मळा गोळा झाला. गोरख म्हणाला, "ही मोठी झाली की आमचीच माणसं न्हेणार. टाका हिरीत." आणि मावशी, दोन म्हशींमधून वाट काढताना देवाचं नाव घेणारी तुझी वृषाली पुढं झाली. मी म्हणाले, पिल्लं गेली तर मादी पिसाळेल, दारोदार फिरेल, तिची पिल्लं तिलाच नेऊ द्या. वनखात्याचा माणूस आला, तोही हेच म्हणाला. गोरख माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तू परीक्षा झाली की जाशील. आमी हितंच हाय." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, मावशी.

पिल्लं भाजीच्या क्रेटमध्ये घालून जागच्या जागी ठेवली आणि सगळे लांब गेले. माझा आपोआप फोटो काढणारा कॅमेरा मात्र जवळच्या लिंबाला बांधायचा होता. "ऊन हाय तवर जा आन ये," असं साळुबाई म्हणाल्या होत्या. पण कॅमेऱ्याचा पट्टा खोडाला बसेना, आणि तो बसेपर्यंत दिवेलागण झाली. वळले तर मादी क्रेटपाशी उभी. आवाज नाही, सळसळ नाही. इतके दिवस वाऱ्याला घाबरत होते, आणि ती आली तेव्हा वारा पडलेला होता.

पळायचं नाही, वाकायचं नाही, हात वर करून मोठ्यानं बोलायचं, हे मीच इथल्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. हात वर केले. बोलायला देवाचं नाव आठवेना, तुझं आठवेना. तोंडातून बाहेर पडली ती शाश्वत विकासाची व्याख्या! परीक्षेत लिहितो ती, खड्या आवाजात. 'भावी पिढ्यांच्या' इथपर्यंत आले आणि अडकले. ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मागून साळुबाई ताट बडवत आल्या, "पोरी, म्हागं म्हागं सर, पाठ दावू नगं." मादीनं आपली भावी पिढी मानेला धरून उचलली आणि ती उसात गेली. आम्ही दोघी एकमेकींना धरून घरी आलो. कोण कुणाला सावरत होतं ते सांगता येत नाही. दुसरं पिल्लू तिनं नंतर नेलं. ओट्यावर साळुबाई रडल्या. म्हणाल्या, "बाळंतीण हाय गं ती. पर भागूबी कुनाची आई व्हती." गोरखनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

तर मावशी, माझं ठरलंय. हा विषय सोडून घरी येते. बी.एड. करीन, पोरांना फळ्यावरचा बिबट्या शिकवीन. सर्वांना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझी,
वृषाली

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात गोरख आला. म्हणाला, "ताई, मला प्रश्न इचारायचं राह्यलं." भागूकाकूपासून सुरुवात झाली आणि जेवणं होऊन गेली तरी तो बोलत होता. असं तो आजवर कुणाशीच बोलला नव्हता म्हणे.

ता. क. २ म्हणून वरचा शेवटचा परिच्छेद खोड. मॅडमना फोन केला, त्या म्हणतात, यावर पीएच.डी. होईल, इथंच राहून. मी हो म्हणून बसलेय. आता दादांना, म्हणजे तुझ्या मेहुण्यांना, तू गाठायचंस. ते तुझंच ऐकतात. विचारलंच तर सांग, वृषाली कांद्यावर अभ्यास करते.