स्पाइस लिकच्या वाटेवरचा जांभळा रंग

मी, ओर्फा मे नेस्टर, कै. व्हर्नन नेस्टर यांची पत्नी, वय ७९, राहणार स्पाइस लिक, बकहॉर्न काउंटी, वेस्ट व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कंबर मोडली आहे, डोकं शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायची कोणाची छातीही नाही. याआधी लिहिलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर, कोठार, जुना ट्रक आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा रॉयस यास मिळावी. छप्पर गळतं. चार वर्षं सांगून थकले, आता स्वतःच्या डोक्यावर गळलं की करील दुरुस्त.

२. व्हर्ननची बंदूक मात्र रॉयसला देऊ नये. गेल्या मोसमात त्याने हरणाचं शिंगांसकट मुंडकं तेवढं कापून आणलं आणि धड ओढ्यात लोटलं. शी! त्याच्या बापाने खुराखेरीज काही वाया घालवलं नाही. बंदूक गावच्या अग्निशमन दलाच्या वर्गणीसाठीच्या सोडतीत बक्षीस म्हणून द्यावी.

३. आता ओढ्याकाठचं बारा एकर कुरण. पलीकडचं शिकारीचं रान आणि ट्राउट माशांचा ओढा सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. पण रस्त्यावरून तिथे जायची सोपी वाट माझ्या फाटकातून जाते. रॉयसने हे कुरण शहरातल्या एका मासेमारी क्लबाला द्यायचं परस्पर कबूल केलं आहे.

"आई, मोठी माणसं आहेत गं. त्यांना एकांत हवा असतो."

"एकांत हवा तर न्हाणीघरात बसा म्हणावं, कडी लावून!"

क्लबाला कुरण मिळणार नाही.

४. याचा अर्थ मला पब्लिकचा पुळका आहे असा कोणी काढू नये. वसंतात ओढ्यात मासे सोडायचा सरकारी ट्रक आला की त्याच्या मागे वरात लागते. माशाला पाणी कुठल्या बाजूला वाहतंय हे कळायच्या आत तो गळाला लागलेला असतो. दिवसाला माणशी सहा माशांची मर्यादा, हे सहा नेऊन गाडीत टाकतात आणि पुन्हा येतात. मागे राहतात गळाला लावायच्या मक्याचे डबे, बिअरचे डबे आणि माझ्या फाटकाशी हरणाची आतडी. मला या लोकांची किळस येते. मरेपर्यंत येत राहील.

५. त्या किळसेपायी, व्हर्नन गेला त्या वर्षी, मी फाटकापासून ओढ्यापर्यंतच्या झाडांवर जांभळे पट्टे मारले. आमच्याकडे प्रवेशबंदीची पाटी लावली तर तिच्यावर गोळ्या झाडतात, म्हणून रंग. इथल्या कायद्यात जांभळा पट्टा म्हणजे पाऊल टाकू नका. ज्यांच्यासाठी मारले ते खुशाल आत येत राहिले. थांबला फक्त एमस टीटर.

एमस आमचा शेजारी. तीस वर्षं खाणीत, छातीत कोळशाची धूळ. चाळीस वर्षं याच वाटेने गेला आणि परतताना दोन ट्राउट साफ करून माझ्या पायरीवर ठेवत आला. त्या सकाळी तो फाटकाशी आला, पट्टा पाहिला, उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. हाक मारली नाही. म्हटलं, एकाला सोडलं की दहा येतील. तो वळला आणि डोंगराच्या वरच्या, चढणीच्या वाटेने निघाला. दुसऱ्या दिवशी तिथेच सापडला, झाडाला टेकून बसलेला, गार पडलेला. हे माझ्या हातून चुकून झालं. आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

६. म्हणून बारा एकर कुरण, वाटेसकट, सरकारी रानात सामील करावं. फाटक काढून टाकावं. झाडांवरचा रंग रॉयसने स्वतः खरवडावा. तोवर त्याला घराची किल्ली देऊ नये. त्या वाटेने डबे फेकणारेही जातील. जाऊ देत मेले.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर वाचला. एमसची बायको लिओना हिने कलम पाच पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "ओर्फा, यातला 'चुकून' खोड. मग सही करते."

शब्द खोडला आहे. खोडाखोड माझ्या हातची असून मला मान्य आहे.

सही: ओर्फा मे नेस्टर
साक्षीदार: १. लिओना टीटर २. ग्लेन हिंकल, टपालवाला
स्थळ: स्पाइस लिक
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३